फोटोवरची पहिली रेघ कोणाची?

एका तरुण चित्रकार मैत्रिणीने विचारलं आहे : उपयोजित कलेचं शिक्षण झालंय, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, फोटोग्राफीही बऱ्यापैकी येते. आमच्या तालुक्यात गाळप हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्या बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेने मला बोलावलंय. चित्र आणि फोटो या कामात एकत्र कसे आणू? मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, मग तिथे माझा उपयोग काय? आणि यावर पोट भरतं का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, क्रमाने येतीलच असं नाही. अठरा वर्षं मी हे काम करते आहे आणि त्यातले दहा हंगाम ऊसतोडीच्या अड्ड्यांवर, म्हणजे टोळ्या हंगामभर जिथे मुक्काम करतात तिथे, गेले आहेत.

आधी माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. पहिली सहा-सात वर्षं मी फक्त फोटो काढत होते. रेखाटनं वेगळ्या वहीत, ती पोटापाण्याची. एका हंगामात पहाटेच्या धुक्यात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या एका बाईचा फोटो मिळाला. फोटो चांगला होता, मला अजूनही चांगला वाटतो. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा होता. तो फोटो एका संस्थेच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर गेला, आत मजुरीबद्दल एक लेख आला, आणि पत्रक फिरत फिरत तिच्या मुकादमाच्या हातात पडलं. पुढच्या हंगामाला त्याने त्यांच्या कोयत्याला उचल दिली नाही. ज्यांना हे शब्द ओळखीचे नाहीत त्यांच्यासाठी : टोळी जमवून आणणारा ठेकेदार म्हणजे मुकादम, ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि हंगामाआधी मुकादम देतो ती आगाऊ रक्कम म्हणजे उचल. उचल नाही म्हणजे दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंतची कमाई नाही. अंगठा घेताना मी तिला ‘फोटो छापला तर चालेल ना’ असं विचारलं होतं. तो कुठे छापला जाईल, कशाच्या शेजारी, कोणाच्या डोळ्यांसमोर येईल, यातलं काही मी सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. मी तिच्या गावी जाऊन माफी मागितली. तिने चहा केला आणि म्हणाली, ‘आता काय करायचं ताई?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर चेहरा लपवायचा म्हणून मी फोटोवर चित्र काढायला लागले. तेव्हा डोक्यात एवढाच हेतू होता. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की माणूस आरोपीसारखा दिसतो, आणि चेहरा धूसर केला तर तो तिथे नसल्यासारखाच होतो. म्हणून मी चेहऱ्यावर उसाची पानं काढायची, पदराच्या बुट्ट्या वाढवून कपाळापर्यंत न्यायची. घरी बसून, निवांत. मग त्या प्रती घेऊन पुन्हा अड्ड्यावर जायची, ज्यांच्या त्यांना दाखवायला.

तिथे एकीने, असेल पस्तिशीची, आपला फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘लई भारी झालंय. पण हे तुमचं झालं.’ मी विचारलं, मग तुमचं कसं होईल? ती म्हणाली, ‘त्यो पांढरा पेन द्या.’

तिच्याच फोटोची एक कोरी प्रत माझ्याकडे होती, ती दिली. तिने फोटोतल्या स्वतःच्या डाव्या खांद्यावर एक छोटा त्रिकोण काढला. ती कोपी, म्हणजे अड्ड्यावरचं तिचं खोपट. तिथून एक रेघ निघाली, लुगड्यावरून तिरपी, पोटावरून, मांडीपर्यंत. शेवटी उभ्या रेघांचा एक पुंजका, तो उसाचा फड. मग ती त्या रेघेवरून परत मागे आली आणि मध्येमध्ये पेन टेकवून ठिपके दिले. प्रत्येक ठिपक्याला थोडी थांबत होती, आठवत होती. सात ठिपके. मी विचारलं हे काय. ‘हे थांबे. इथं इथं बसावं लागतंय मला. ह्यो पाटाचा, ह्यो लिंबाचा, ह्यो नुसताच बांधावर.’ मग हळू आवाजात, ‘पिशवी काढल्यापासनं कंबर धरती.’ पिशवी म्हणजे गर्भपिशवी.

शेजारी तिघी बसल्या होत्या. त्यांनी आपापले फोटो मागून घेतले. एकीचे थांबे चार निघाले, एकीचे नऊ. तिसरीने ठिपके दिलेच नाहीत, रेघेच्या शेवटी फक्त एक पाळणा काढला, फडाच्या कडेला. संध्याकाळपर्यंत अड्ड्यावर बायका एकमेकींना विचारत होत्या, ‘तुझे थांबे किती गं?’

आमच्याबरोबर आरोग्याचं काम बघणाऱ्या एक सिस्टर होत्या. त्या दोन हंगाम याच बायकांना ‘काही त्रास आहे का’ असं विचारत होत्या आणि ‘काय न्हाय, बरं हाय’ असं उत्तर घेऊन परतत होत्या. त्या दिवशी त्यांनी वहीत नवा रकाना आखला : थांबे. पुढच्या आठवड्यात त्यातल्या दोघींना त्यांनी स्वतः ग्रामीण रुग्णालयात नेलं.

तुमचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत. मी तरी त्या रकान्याकडे बोट दाखवीन. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा वर्तमानपत्रांत आला, विधिमंडळात त्यावर बोललं गेलं. तो फार महत्त्वाचा आहे. पण शस्त्रक्रियेनंतर ती बाई कोपीपासून फडापर्यंत कशी चालते, हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. ते सिस्टरना तिच्या रेघेवरून कळलं, आणि कळल्यावर काय करायचं हे त्यांना माहीत होतं.

आता फोटो आणि चित्र दोन्ही का, याबद्दल. ज्यांनी शाळा सुटल्यापासून पेन धरलेला नाही त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवला की एकच वाक्य ऐकू येतं : ‘मला कुठं येतंय चित्र.’ कोरा कागद ही परीक्षा असते. नुसता कॅमेरा हातात दिला तर वेगळी अडचण. बायका सणाला काढतात तसे फोटो काढतात, रांगेत उभं राहून, पदर नीट करून. तेही छान असतात, पण दुखणं त्यात येत नाही. स्वतःच्या फोटोवर काढायला सांगितलं की अर्धं काम आधीच झालेलं असतं. शरीर तिथे आहे, लुगडं तिथे आहे, मागे कोपी आहे. ‘येत नाही’ म्हणायला जागाच राहत नाही, कारण फक्त भर घालायची आहे. कॅमेऱ्याला ती उभी कशी आहे ते दिसतं. ती इथपर्यंत कशी आली आणि कुठे बसली ते तिच्याच हाताला माहीत असतं.

म्हणून माझा एक नियम झाला आहे आणि त्यात मी तडजोड करत नाही. फोटोवरची पहिली रेघ तिची. मी नमुना दाखवत नाही, ‘असं काहीतरी काढा’ म्हणून एखादं फूलही काढून दाखवत नाही. एकदा दाखवलं होतं, एका वस्तीत, बायका लाजत होत्या म्हणून. त्या दिवशी बावीस फोटोंवर माझं फूल बावीस वेळा आलं. चित्रकाराचा हात सराईत असतो, समोरचा लगेच त्याच्यामागे जातो.

हा प्रकार काही मी शोधून काढलेला नाही. फोटोवर रंग चढवणं आपल्याकडे जुनंच, आजी-आजोबांच्या फोटोत स्टुडिओवाल्याने गालावर दिलेली लाली कित्येक घरांत अजून भिंतीवर आहे. पण तुम्हाला अभ्यासच करायचा असेल तर पालघर जिल्ह्यातलं गंजाड पाहा. हे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं गाव. तिथले वारली चित्रकार राजेश वांगड आणि छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका केली. गिल यांनी त्या परिसराचे कृष्णधवल फोटो काढले, अनेक फोटोंत वांगड स्वतः उभे आहेत. फिरताना वांगड सांगत होते, इथे काय घडलं, तिथे काय होतं. प्रिंट हातात आल्यावर त्यातलं काहीच फोटोत नव्हतं. दिसत होता डोंगर, झाड, रस्ता. मग वांगड यांनी त्या प्रिंटवरच शाईने वारली रेखाटनं केली आणि तुटलेलं जंगल, आलेली माणसं, देव, दंगे, सगळं त्या रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीवर परत आलं. त्या कामावर दोघांचीही नावं आहेत. हे बारकाईने लक्षात घ्या. एकाने काढलेल्या फोटोवर दुसऱ्याने ‘सजावट’ केली असं ते मांडलेलं नाही.

चेहरा झाकण्याच्या दृष्टीने गिल यांचंच जव्हारचं काम मला जास्त शिकवून गेलं. बोहाडा या तिथल्या आदिवासींच्या उत्सवात कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून देव-दैत्य नाचतात. २०१५ पासून त्यांनी तिथल्या मुखवटे घडवणाऱ्या कारागिरांकडून आजच्या माणसांचे, प्राण्यांचे, वस्तूंचे मुखवटे करून घेतले आणि गावातल्या लोकांनी ते घालून आपली रोजची कामं करतानाचे फोटो दिले. चेहरा झाकलेला असूनही कोणी लपल्यासारखं वाटत नाही. झाकणं म्हणजे पुसणं नव्हे, हे मला त्या फोटोंनी दाखवलं. माझ्या उसाच्या पानांत नेमकं तेच कमी होतं : ती पानं त्या बाईने निवडलेली नव्हती.

आरोग्याशी थेट जोडलेलं काम हवं असेल तर मुंबईत ‘स्नेहा’ या संस्थेने धारावीत केलेलं बघा. २०१२ मध्ये ‘देखा अनदेखा’ आणि २०१५ मध्ये ‘धारावी बिएनाले’. वस्तीतल्या लोकांनी कलाकारांसोबत कापड, माती, फोटो अशा माध्यमांतून काम केलं आणि प्रदर्शन धारावीतच लावलं. आधी ज्यांचं आहे त्यांनी बघायचं, बाहेरच्यांनी तिथे यायचं. जगभरात याच्या दोन पद्धती रुळल्या आहेत. एक फोटोव्हॉइस : १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतातल्या खेड्यांतल्या बायकांच्या हातात कॅमेरे दिले आणि त्या फोटोंवरून स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलणं घडवलं. दुसरी शरीर-नकाशा : २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांनी स्वतःच्या पूर्णाकृती बाह्यरेषा काढून त्यात आपला आजार आणि आपलं आयुष्य रंगवलं.

दुसरी पद्धत इकडे जशीच्या तशी आणू नका. मी आणली होती. मोठा कागद अंथरला आणि एकीला त्यावर आडवं व्हायला सांगितलं. तिची सासू उठली आणि तिला हाताला धरून बाजूला घेऊन गेली. जिवंत माणसाला जमिनीवर निजवून भोवती रेघ मारायची, हे आपल्याकडे कोणाला आवडेल? त्यात चारचौघांत आडवं होणं वेगळंच. आता आम्ही सावली वापरतो. थंडीत दिवस कलल्यावर ऊन तिरपं असतं, बाई उभी राहते, सावली कागदावर पडते आणि तिची मैत्रीण ती सावली आखते. सावली लांबट येते, हात वाकडे येतात, सगळ्या हसतात. त्या हसण्यातच खूपसं मोकळं होतं.

आता सामानाचं, कारण सगळ्यात जास्त फोन मला याबद्दल येतात. चकचकीत फोटो पेपर घेऊ नका, त्यावर पेन घसरतो आणि शाई बोटाला लागते. मॅट कागद घ्या, जरा जाड, २०० जीएसएमच्या वरचा. छपाई पिगमेंट शाईची करून घ्या. साध्या डाय शाईच्या प्रिंटवर घामाचा हात लागला तरी रंग पसरतो, आणि अड्ड्यावर कोणाचा हात कोरडा नसतो. आकार किमान ए-फोर, जमलं तर ए-थ्री. पोस्टकार्डाएवढ्या फोटोवर ठिपका देता येतो, वाट काढता येत नाही. पेन ॲक्रिलिक मार्कर, पोस्कासारखा, बारीक टोकाचा. पांढरा सगळ्यात जास्त लागतो. का, ते मला उशिरा कळलं. आपल्या चेहऱ्यावर, अंगावर काळी रेघ मारणं पुष्कळ जणींना अशुभ वाटतं. त्या तसं म्हणत नाहीत, नुसता काळा पेन बाजूला सरकवतात.

फोटो छापताना मी कॉन्ट्रास्ट कमी करते आणि फोटो थोडा फिका ठेवते, म्हणजे वरची रेघ उठून दिसते. रंगीत लुगड्यावर चित्र हरवतं, म्हणून ही प्रत कृष्णधवल. पण पहिल्याच वर्षी ऐकून घेतलं, ‘आमचा फोटो असा मेल्यावाणी का काढला?’ बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून प्रत्येकीच्या दोन प्रती. एक रंगीत, चांगली, लॅमिनेट केलेली, ती तिची, घरी न्यायला. कोपीत ओल असते, पाचटाची धूळ असते, लॅमिनेट केल्याशिवाय फोटो एक हंगामही टिकत नाही. दुसरी फिकी, काढायला. आणि रंगीत प्रत आधी द्यायची. ती हातात पडली की दुसरी बिघडण्याची भीती जाते.

एका वेळी सहा-सातजणींपेक्षा जास्त नको. वेळ तुमच्या सोयीची मिळणार नाही. पहाटे चारला उठून त्या फडात असतात, गाडी केव्हा भरायला येईल त्याचा नेम नसतो. गाडी भरून गेली आणि चुली पेटायच्या आत जो तास-दीड तास असतो, तेवढाच तुमचा. त्यात मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून मध्ये ठेवू नका. चित्र काढत असताना प्रश्न विचारू नका. खाली मान घालून हात चालू असला की बाई बोलते, तुम्ही मान वर करायला लावलीत की थांबते. मी त्या वेळी शेजारी बसून माझ्या वहीत काहीतरी रेखाटत असते, भांडी, कोयता, झोळीतलं पोर. चित्रकार असण्याचा हा मोठाच फायदा. हात रिकामे ठेवून समोर बसलेली बाई तपासायला आल्यासारखी वाटते.

आता समुपदेशनाचं. तुम्ही समुपदेशक नाही हे तुम्हीच ओळखलंत, ते फार बरं झालं. आर्ट थेरपी हा वेगळा अभ्यास आहे, तो शब्द आपल्या कामाला लावू नका, पत्रकातही नाही. पण बसल्या बसल्या बोलणं निघतंच. मारहाण निघते, गेलेलं मूल निघतं, ‘जगावंसं वाटत नाय’ हेही निघतं. त्या क्षणी तुम्ही काय करणार, हे अड्ड्यावर जाण्याआधी ठरलेलं पाहिजे. संस्थेला पहिल्याच बैठकीत विचारा : अशा वेळी मी कोणाला फोन करायचा, त्या व्यक्तीचं नाव काय, ती किती वेळात येते? नाव मिळालं नाही तर काम सुरू करू नका. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ ही २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं, ती तुमच्याही फोनमध्ये ठेवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक जिल्हा रुग्णालयात असतात, त्यांना एकदा जाऊन भेटून या. गावपातळीवरच्या साध्या माणसांना नीट शिकवलं तर फरक पडतो, हे विदर्भात दिसलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या विश्राम प्रकल्पात नैराश्याने त्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आपण त्या साखळीतली पहिली कडी असतो, कोणीतरी पहिल्यांदा बोलतं ती जागा. पुढच्या कड्या जागेवर असल्या तरच त्या बोलण्याला अर्थ आहे. एरवी आपण जखम उघडून निघून जातो.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २४ प्रमाणे मानसिक आजारावर आरोग्यसंस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. अत्याचारग्रस्त किंवा काळजी-संरक्षणाखालच्या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. कायदा काही ठरावीक बाबतींतच बोलतो. आपल्याला त्याच्या बरंच पुढे जावं लागतं.

मी आता संमती तीनदा घेते. पहिली फोटो काढण्याआधी, आणि ती फक्त काढण्याची. दुसरी चित्र पूर्ण झाल्यावर : हे माझ्याकडे ठेवू का, की तुम्ही नेणार? पुष्कळजणी नेतात, काही फाडून चुलीत घालतात. घालू द्यावं. मी एकदा एका अप्रतिम चित्राचा जळण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यायला हात पुढे केला होता आणि सिस्टरनी माझा हात धरला. तिसरी संमती बाहेर दाखवण्याची, ती महिन्या-दोन महिन्यांनी, पुन्हा भेटून, जिथे छापायचं त्याचा नमुना समोर ठेवून. यात दोन प्रश्न नेमके विचारायचे : हे तुमच्या मुकादमाने पाहिलं तर? हे तुमच्या घरच्यांनी पाहिलं तर? नवऱ्यासमोर विचारू नका. आणि चेहरा झाकला म्हणजे ओळख झाकली असं समजू नका. लुगड्याचं नक्षीकाम, हातावरचं गोंदण, कोपीवरच्या ताडपत्रीचा रंग यावरून टोळीतली माणसं एका नजरेत ओळखतात. झाकायचं काय हे तीच सांगेल. एकीने चेहरा तसाच ठेवला आणि फक्त गोंदण झाकलं, कारण त्यात नवऱ्याचं नाव होतं.

तयार झालेल्या कामाचं काय करायचं? दालनातलं प्रदर्शन ही माझी शेवटची निवड असते. मला रस्ता सापडला तो कुडाळजवळच्या पिंगुळीत. तिथल्या ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक पान उचलून समोर धरतात, त्यावरचं आख्यान गातात, पान बाजूला ठेवून दुसरं उचलतात. चित्रांच्या त्या संचाला पोथी म्हणतात. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मी तोच घाट उचलला. ज्यांनी तिसरी संमती दिली त्यांच्या चित्रांची बारा पानांची पोथी केली, कुठेही नाव नाही, गाव नाही. ती पुढच्या अड्ड्यावर नेते आणि एकेक पान धरते. गात नाही, मला येत नाही. पान धरून गप्प बसते. चौथ्या-पाचव्या पानाला कोणीतरी म्हणतं, ‘ही तर आमच्यासारखीच.’ थांब्यांचं पान आलं की बोटं आपोआप ठिपके मोजतात. तीच पोथी एकदा तालुक्याच्या आरोग्य बैठकीत नेली होती. टेबलावर ठेवून पानं उलटायला दिली, भाषण केलं नाही. त्यानंतर फिरत्या दवाखान्याची गाडी अड्ड्यावर संध्याकाळी यायला लागली. दुपारी तिथे कोणी नसतं हे पाच वर्षं लेखी कळवूनही झालं नव्हतं.

पोट भरतं का? निव्वळ यावर माझं भरत नाही. घर अजून पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या चित्रांवर चालतं, आणि ते तसं असण्यामुळेच मी इथे काही गोष्टींना नाही म्हणू शकते. पण फुकट करू नका. संस्था डॉक्टरांना मानधन देते, गाडीला भाडं देते, चित्रकाराला मात्र ‘तुमचं नाव येईल’ म्हणते. अंदाजपत्रकात तयारीचे दिवस, अड्ड्यावरचे दिवस आणि परतीची फेरी अशा तीन वेगळ्या ओळी घाला. परतीची फेरी म्हणजे बायका आपापल्या गावी गेल्यावर तिथे जाऊन फोटो देणं आणि तिसरी संमती घेणं. पैसे कमी पडले की सगळ्यात आधी हीच ओळ कापतात. ती कापली तर काम घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगते. अर्ज लिहिताना जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा कला आणि आरोग्यावरचा अहवाल उपयोगी पडतो, तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा त्यात आहे. सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतला, पैसा असेल तर कंपनीला अहवालासाठी हसऱ्या लाभार्थींचे फोटो हवे असतात. ते देणार नाही, हे करारातच लिहून घ्या. त्याऐवजी हातांचे, सामानाचे, काढलेल्या रेघांचे जवळून घेतलेले फोटो मी देते, आजवर कोणी परत केले नाहीत.

तुमच्या भागात टोळ्या दसरा-दिवाळीनंतर उतरतील. पहिला पंधरवडा जाऊ नका, कोप्या उभ्या होत असतात, पाण्याची सोय लागलेली नसते, कोणाला बोलायची उसंत नसते. तिसऱ्या आठवड्यात सिस्टरबरोबर जा, कॅमेरा न काढता. दुसऱ्या खेपेला कुटुंबाचे फोटो काढून द्या, जसे हवेत तसे, पोरांना तेल-पावडर लावून, नवा शर्ट घालून. ते छापून पोहोचले की मग कामाचं विचारा. मॅट कागद मोठ्या शहरातून आधीच मागवून ठेवा, तालुक्याला मिळत नाही. पांढरे पेन डझनभर घ्या. ते अड्ड्यावरच राहतात, राहू द्या.